डाव्या खांद्यामागची भिंत

१

माणसं चित्र कशी बघतात हे मोजायचं माझं काम आहे. बघून त्यांना काय वाटतं वगैरे माझ्याकडे नाही, ते खातं प्रयोग चालवणाऱ्या मॅडमचं. डोळे कुठे गेले, किती वेळ थांबले आणि तिथून कुठे पळाले, एवढंच मी टिपतो. समोर पडदा, पडद्याखाली कॅमेरा, आणि टेबलाला घट्ट बसवलेली, हनुवटी टेकवायची पट्टी. माणूस येतो, हनुवटी टेकवतो, मी म्हणतो, "आता अजिबात हलू नका," आणि तो लगेच नाक खाजवतो. सात वर्षांत याला एकही अपवाद मिळालेला नाही.

आमची खोली संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, अकरा पायऱ्या उतरून. खिडकी नाही. भिंती मुद्दाम करड्या रंगवलेल्या, म्हणजे नजर दुसरीकडे भरकटायला नको. पडद्याच्या उजव्या बाजूला माझं टेबल, बसलेल्या माणसाकडे तोंड करून. माझ्या पाठीशी भिंत आणि भिंतीला कोट अडकवायची एक खुंटी. चोवीस चित्रं, प्रत्येक वीस सेकंद, दोन चित्रांच्या मध्ये कोरा पडदा. सगळं मिळून दहा-बारा मिनिटांचा मामला. त्यानंतर मॅडम त्या माणसाला शेजारच्या खोलीत नेऊन चहा पाजतात आणि प्रश्न विचारतात.

या कामात एक कचरा असतो, तो म्हणजे पापण्या. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पापणी मिटली की कॅमेऱ्याला बुबुळ दिसत नाही आणि नजरेची रेघ तुटते. तुटलेली दोन टोकं आमचा प्रोग्राम सरळ रेषेने सांधून टाकतो. म्हणजे डोळे बंद असताना माणूस कुठे बघत होता, हे यंत्र आपल्या मनाने भरतं आणि आम्ही ते खरं धरतो. जगभर असंच करतात. मीही लाखो पापण्या अशा पुसल्या असतील, आणि त्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही.

मग प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. ती बसवताना पापण्या पुसण्याच्या चौकोनातली खूण उडाली आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. चाळीस माणसांची मोजणी तशीच कच्ची गोळा झाली. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. पुढचं सगळं त्या एका चौकोनातून आलं.

२

चूक निस्तरायला बसलो तेव्हा सहज म्हणून पाहिलं, की पापण्या मिटल्या तेव्हा नजर चित्रात कुठे होती. प्रत्येक पापणीला एक काळा ठिपका. तेवीस चित्रांवर ठिपके कुठेही कसेही पडलेले होते, तीळ सांडावेत तसे. अकराव्या चित्रावर मात्र एकाच जागी काळा ढीग होता.

अकरावं चित्र म्हणजे आमच्या संचातलं सगळ्यात साधं. दुपारची खोली. एक बाई आपल्याकडे तोंड करून, मान खाली घालून इस्त्री करते आहे. टेबलावर घड्या, खाली कपड्यांची टोपली. तिच्या डाव्या अंगाला, म्हणजे आपल्या उजव्या हाताला, खिडकी. तिचा डावा खांदा आणि खिडकी यांच्यामध्ये चार बोटं रुंद उजळ भिंत. भिंतीवर खिळासुद्धा नाही. ढीग त्या भिंतीवर होता.

चाळीसपैकी चाळीस. नजर इस्त्रीवरून टोपलीकडे, टोपलीवरून चेहऱ्याकडे, चेहऱ्यावरून खिडकीकडे निघायची आणि वाटेत, खांदा ओलांडताना, पापण्या मिटायच्या. नेहमीची पापणी सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात मिटून उघडते. आम्ही सेकंदाचे हजार भाग करून मोजतो, म्हणून दीडशे म्हणतो. इथे आकडे होते सहाशे, सहाशे वीस, सहाशे ऐंशी. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ डोळे बंद, आणि उघडले की नजर थेट खिडकीत.

मी आधी यंत्रावर संशय घेतला. ते बिचारं उलटून बोलत नाही. कॅमेरा बदलला. पडद्याचा प्रकाश मोजला. हवा खेळवणाऱ्या जाळीतून झुळूक येते का म्हणून तिथे कागदाची पट्टी चिकटवून पाहिली. पट्टी ढिम्म हलली नाही. खोलीत यंत्राच्या पंख्याची एकसुरी घरघर तेवढी होती, आणि ती तर सात वर्षं आहे.

मग चित्र आरशासारखं उलटं करून दाखवलं. बाईचा खांदा दुसरीकडे गेला, ढीगही त्याच्यामागून गेला.

३

"अहो यंत्रवाले, एवढं काय त्यात? त्या भिंतीच्या रंगातच काहीतरी असेल," मॅडम म्हणाल्या. त्या मला कायम यंत्रवाले म्हणतात. माणूस म्हणून चांगल्या आहेत, पण कुठल्याही गोष्टीला त्यांच्याकडे तीन कारणं तयार असतात.

"भिंतीवर मी सपाट रंग ओतला, मॅडम. मूळ चित्रातलं तिथे आता काहीच नाही."

"मग?"

"मग सहाशे सत्तर."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "आणि लोक काय सांगतात?"

लोक काही सांगत नव्हते, तीच तर गंमत. मॅडमनी चहाच्या वेळी एकेकाला विचारलं, अकराव्या चित्राशी तुम्ही डोळे मिटलेत का? सगळ्यांनी नाही म्हटलं. एक निवृत्त शिक्षक तर रागावलेच. "मी इथे डोळे उघडे ठेवायला आलोय, मिटायला नाही." खांद्यामागे काय होतं? भिंत होती. सगळ्यांना भिंत दिसली होती. डोळे बंद असताना यंत्र जशी सरळ रेघ ओढतं, तशी त्यांच्या डोक्याने भिंत भरून घेतली होती.

शेवटी मीच पट्टीवर हनुवटी टेकवली आणि मॅडमना माझ्या टेबलाशी बसवलं. मला सगळं ठाऊक होतं. डोळ्यांत तेल घालून बघायचं असं ठरवून बसलो होतो. मी चेहऱ्यावरून खांद्यावर आलो, खांद्यावरून भिंतीवर, भिंतीवरून खिडकीत. भिंत अगदी स्वच्छ दिसली, ब्रशचे फटकारेसुद्धा दिसले. डोळे मिटले नाहीत, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

मॅडमनी टेबलावरचा पडदा माझ्याकडे वळवला. सहाशे चाळीस.

"ब्रशचे फटकारे दिसले म्हणता?" त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही तिथे सपाट रंग ओतलाय ना?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या खोलीतून लवकर निघावंसं वाटलं.

४

आता ताईबद्दल सांगायला हवं.

बाबांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान ताई चालवते. दुकान म्हणजे एक दार, एक काच आणि आत भिंतभर टिकटिक. बाबांनी आम्हा दोघांनाही स्टुलावर बसवून पाहिलं. माझा हात थरथरायचा, तिचा नाही. डाव्या डोळ्याच्या खोबणीत भिंग पकडायचं आणि तांदळाच्या कणीएवढा स्क्रू उचलून ठेवायचा. तिचा सगळा संसार त्या डाव्या डोळ्यावर उभा होता, असं म्हटलं तरी चालेल. दुकानाच्या दाराच्या चौकटीवर बाबा दर वाढदिवसाला पेन्सिलीने आमची उंची टिपायचे. त्या रेघा अजून आहेत. ताई तिथे रंग लावू देत नाही.

या सगळ्याच्या दीड महिना आधी एका सकाळी ती उठली तर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडलेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस आहे, बहुतेकांची सुधारते. बहुतेकांची. पण तोवर डावी पापणी मिटत नव्हती. दर तासाला थेंब घालायचे, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायची. तिने डोळा मिटायचा प्रयत्न केला की बुबुळ वर पळायचं आणि नुसतं पांढरं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, ती निसर्गाची सोय आहे, डोळा जपायची. आणि तीन महिन्यांत पापणी हलली नाही तर दोन्ही पापण्या टाक्यांनी शिवून टाकाव्या लागतील, नाहीतर डोळा सुकून कायमचा जाईल.

"शिवून घेणार नाही," ताई म्हणाली. "माझा डोळा काय उशीचा अभ्रा आहे?"

खोबणीत भिंग धरवत नव्हतं, म्हणून तिने त्याला इलॅस्टिक लावून ते डोक्याभोवती बांधलं आणि काम चालू ठेवलं. गिऱ्हाइकांना सांगायची, "घाबरू नका, मी डोळा मारत नाहीये. उलट तेच जमत नाहीये." हसताना अर्धाच चेहरा हसायचा. मला ते बघवायचं नाही, आणि न बघणंही बरं दिसायचं नाही.

एका दुपारी मी तिच्या डोळ्यात थेंब घालत होतो. तिने उजवा डोळा मिटला, डावा उघडाच राहिला. माझ्या डोक्यात विचार आला तो तेव्हा. आला तसा मी तो झटकायला हवा होता. मी तिचा धाकटा भाऊ आहे. पण सात वर्षं मी डोळ्यांकडे डोळे म्हणूनच बघत आलोय, आणि समोर एक असा डोळा होता जो मिटू शकत नव्हता.

"ताई, एकदा येशील माझ्याकडे? दहा मिनिटांचं काम आहे."

"वाकडं तोंड चालेल का तुमच्या यंत्राला?"

"यंत्राला फक्त डोळे लागतात."

"मग येते. आजकाल तेवढ्यासाठीही कुणी बोलवत नाही," ती म्हणाली आणि अर्धी हसली.

५

ती आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मॅडम वर बैठकीत होत्या. मी ताईच्या डोळ्यात थेंब घातले, पट्टी तिच्या उंचीला बसवली आणि म्हणालो, "आता हलू नकोस."

ती हलली नाही. नाकसुद्धा खाजवलं नाही. घड्याळाच्या कामाची सवय.

पहिली दहा चित्रं सुरळीत गेली. माझ्या पडद्यावर तिचे दोन्ही डोळे शेजारीशेजारी दिसत होते. उजवा मिटायचा, त्याच क्षणी डाव्याचं बुबुळ वर पळायचं आणि परत यायचं. अगदी डॉक्टरांनी सांगितलं तसं.

अकरावं चित्र आलं. इस्त्री. टोपली. घड्या. चेहरा. मग नजर खांद्यावर चढली आणि उजवा डोळा मिटला.

डाव्याचं बुबुळ वर गेलं नाही. ते जागच्या जागी थांबलं. बाहुली मोठी झाली, इतकी की रंगाचं नुसतं कडं उरलं. मग ते बुबुळ सरकायला लागलं. चित्र बघणारा डोळा उड्या मारत जातो, इथे थांब, तिथे थांब. सावकाश, अखंड तो एकाच कारणाने सरकतो, समोरचं काहीतरी हलत असेल तरच. हे आमच्या कामातलं पहिलं पान आहे. चित्रातलं काही हलत नाही.

नजर भिंतीवरून खिडकीवर आली. खिडकीवरून चौकटीवर. चौकटीवरून पडद्याच्या काठावर. आकडे पडद्याबाहेरचे दिसायला लागले आणि पुढे कॅमेऱ्याला हिशेब लागेना म्हणून तेही बंद झाले. डोळ्याचं चित्र मात्र दिसत होतं. बुबुळ नाकाच्या कोपऱ्याला जाऊन टेकलं. मी मान वर केली. ताईची हनुवटी पट्टीवरच होती, उजवा डोळा मिटलेला होता, आणि डावा माझ्याकडे बघत होता. माझ्याकडेही नाही. माझ्या जरा पलीकडे, खुंटीच्या बाजूला.

मागे वळून बघायला मला फार धीर लागला असं नाही. मी पटकन वळलो. भिंत होती. खुंटी होती. माझा कोट होता.

"ताई?"

उजवा डोळा उघडला. ती पट्टीवरून मागे झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चेहऱ्याचा जिवंत अर्धा भागही लुळा पडल्यासारखा दिसत होता.

"झालं का रे तुझं?" तिने विचारलं. आवाज नीट होता. नीट ठेवलेला होता.

"काय दिसलं तुला?"

"भिंत," ती म्हणाली. "चल, मला दुकान उघडायचंय."

पायऱ्या चढताना तिने माझा हात धरला. ती माझ्या उजव्या बाजूने चालत होती आणि रस्ता येईपर्यंत तिने मान माझ्याकडे वळवली नाही. नंतर मी त्या मोजणीतला काळ काढला. उजवा डोळा अकरा सेकंद बंद होता.

६

त्यानंतर अकरावं चित्र सुधारलं.

खरंच सुधारलं. पुढच्या आठवड्यात सव्वीस माणसं आली. ठिपके सांडलेल्या तिळांसारखे, कुठेही कसेही. खांद्यामागे ढीग नाही. लोक त्या भिंतीवरून सरळ, डोळे उघडे ठेवून खिडकीत जात होते. मॅडम खूश झाल्या. "बघा, यंत्रातच काहीतरी होतं. उगाच माझी झोप उडवलीत." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे मिटले.

मी पापण्या मोजणारा माणूस आहे. इतरांना जे जाणवणार नाही ते मला जाणवतं. अर्ध्या सेकंदाहून जास्त. डोळे उघडले तेव्हा त्या माझ्या कोटाच्या गुंडीकडे बघत होत्या आणि हात खाली आला होता. थाप मारायची होती हे त्या विसरल्या होत्या.

मग मी बघत सुटलो. दाराशी बसणारा पहारेकरी. किल्ल्या देणाऱ्या बाई. चहाच्या टपरीवरचा म्हातारा, जो रोज मला बघून कप पुढे करतो. माझ्या चेहऱ्याकडे सगळे ठीक बघायचे. नजर जरा माझ्या डाव्या खांद्यापलीकडे गेली की पापण्या खाली. पाणी यायचं नाही, कुणी दचकायचं नाही, बोलणंही तुटायचं नाही. म्हातारा एकदा डोळे मिटूनच म्हणाला, "आज उशीर केलात," आणि कपात बरोबर चहा ओतला.

मी घरी आरशासमोर उभा राहिलो. माझा चेहरा, माझा खांदा, मागची भिंत, सगळं व्यवस्थित दिसत होतं. मग मी फोन आरशापाशी टेकवून स्वतःचं चित्रण केलं आणि ते बघितलं. चित्रणात मी आरशात बघतो, खांद्याकडे नजर नेतो आणि डोळे मिटतो. बराच वेळ मिटलेले ठेवतो. चेहऱ्यावर काहीच नाही, रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा. चित्रणात खांद्यामागे काय आहे ते मी तीनदा बघितलं. तिन्ही वेळा भिंत दिसली. माझे डोळे तेव्हा उघडे होते का, हे मला सांगता येणार नाही.

माझी पाचावर धारण बसली होती, हे कबूल करायला लाज कसली.

७

ताईकडे मी जवळजवळ रोज जात होतो, थेंब घालायला. ती बोलायची, चिडवायची, पण डावा डोळा माझ्या खांद्यापलीकडे लागलेला असायचा. मला वाटायचं, नस गेलीय, डोळा भरकटत असेल. म्हणजे असं वाटून घ्यायचो.

एका सकाळी दारातून आत येताना माझी नजर चौकटीवर गेली. बाबांच्या जुन्या रेघांच्या बाजूला नव्या रेघा होत्या. बारीक टोकाच्या पेन्सिलीच्या, शेजारी तारखा. सगळ्यात खालची माझ्या कमरेएवढी, तारीख ताई प्रयोगाला आली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यावर एक छातीशी. त्यावर एक खांद्याशी, मधेमधे आणखी दोन. सगळ्यात वरची कालची होती, बरोबर माझ्या डोक्याएवढी.

"ही कुणाची उंची?" मी विचारलं.

ताईने भिंग काढून टेबलावर ठेवलं. भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती.

"दार लाव आणि बस," ती म्हणाली. "नाही, तिकडे नको. इकडे, भिंतीला पाठ लावून बस. त्याला मागे जागा राहायला नको."

मी बसलो. माझी खुर्ची भिंतीला टेकली.

"तू आलास की ते तिथे, दारात थांबतं थोडा वेळ," ती म्हणाली. "म्हणून चौकटीवर टिपता आलं."

"काय आहे ते?"

"ते नाही सांगणार. सांगितलं की तू तसं काहीतरी शोधत बसशील." तिने रुमालाने डाव्या डोळ्यातलं पाणी टिपलं. "हे बघ छोट्या, मी तुझ्यासारखी शिकलेली नाही, पण मोजणं मलाही येतं. गेल्या आठवड्यात दोन दिवस तू आला नाहीस. आठवतं? तिसऱ्या दिवशी रेघ तिथल्या तिथेच होती. ज्या दिवशी मी तुला बघते, त्या दिवशी ती वर जाते. जास्त वेळ बघितलं की जास्त वर."

"योगायोग असेल."

"पाच वेळा?"

पाच म्हणजे फार कमी, चाळीस तरी हवेत, असं मी मॅडमना सांगितलं असतं.

"बाकी सगळ्यांचे डोळे मिटतात, तूच सांगितलंस," ती म्हणाली. "ते उगाच नसेल. मिटतात तेच बरं असेल. माझा एकटीचा उघडा आहे, आणि त्यावरच ते पोसतंय."

"मग मी येत नाही. फोन करत जाईन."

"आणि थेंब कोण घालणार? तुमचा पहारेकरी?" ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. तिला अर्ध्या चेहऱ्याने रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. "काल ते तुझ्याएवढं झालं रे. आता तू वळलास की तेही वळतं. तुझ्यासारखंच."

मी तिचे हात धरले. तेल आणि पितळेचा वास येणारे, कधीच न थरथरणारे हात. मी तिला म्हणालो, माझं चुकलं, मी तुला तिथे बसवायला नको होतं. ती म्हणाली, "हो, चुकलं." तिने मला कधीच खोटं समजावलेलं नाही.

८

ती डॉक्टरांकडे एकटी गेली. तीन महिने पुरे व्हायला अजून तीन आठवडे होते. डॉक्टर म्हणाले, थांबा, कोपऱ्यात थोडी हालचाल दिसतेय, कदाचित सुधारेल. ती म्हणाली, शिवा. थोडं नाही, पूर्ण. हे मला डॉक्टरांनीच नंतर सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात.

तिने मला मागाहून फोन केला. "झालं. दुखत नाही. आठ दिवस इकडे फिरकू नकोस, आणि तुझ्या त्या यंत्रावर रोज मोजून बघ."

मी मोजलं. रोज सकाळी मॅडम यायच्या आधी कॅमेरा स्वतःकडे वळवून, समोर आरसा ठेवून. टाके घालायच्या आदल्या दिवशी सहज मोजलं होतं, तेव्हा नऊशे होते. पहिल्या दिवशी नऊशे दहा. दुसऱ्या दिवशी हजार. पाचव्या दिवशी सतराशे. मी चौकोनातल्या खुणा तपासल्या, कॅमेरा बदलला, पट्टीची उंची बदलली. आठव्या दिवशी तीन हजार दोनशे. तीन सेकंदांहून जास्त वेळ मी आरशासमोर डोळे मिटून बसलो होतो आणि मला वाटत होतं, मी भिंत बघतोय.

तिची मोजणी चुकली होती. किंवा बरोबर होती आणि आता त्याला कुणी बघायची गरज उरली नव्हती. मला ठरवता येत नाही. तिचा डोळा मात्र गेला होता, आणि माझ्यामुळे गेला होता.

नवव्या दिवशी मी दुकानात गेलो. दुपारची वेळ, काचेतून स्वच्छ ऊन आलेलं. डाव्या डोळ्याच्या जागी बारीक काळ्या टाक्यांची रेघ. ती स्टुलावर बसून उजव्या डोळ्याला भिंग लावून एक उघडलेलं घड्याळ न्याहाळत होती. मला बघून तिने भिंग कपाळावर सरकवलं. तिचा चेहरा उजळला, जेवढा उजळू शकत होता तेवढा.

"आलास? ये. आता कुठेही बस, मला काही दिसत नाही." ती मोकळं हसली. गेल्या कित्येक आठवड्यांत तशी हसली नव्हती. "सांग पटकन. कमी झालं ना?"

काय सांगणार होतो मी?

"झालं," मी म्हणालो. "दीडशेवर आलं."

"शपथ?"

"शपथ."

तिने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "बघ, म्हटलं नव्हतं? मग माझं काही गेलं नाही. उजव्याने थोडा वेळ लागतोय एवढंच, पण सवय होईल. काल एक अख्खं घड्याळ जोडलं मी. थांब, दाखवते." ती मान वर करून माझ्याकडे बघत बोलत होती. नजर माझ्या चेहऱ्यावरून जरा पलीकडे गेली आणि तिची उजवी पापणी मिटली.

ती बोलतच राहिली. कुठल्या गिऱ्हाइकाचं घड्याळ, कुठला दाता झिजला होता, तो तिने कसा घासून बसवला. हाताने टेबलावर चाचपून तिने ते घड्याळ उचललं आणि माझ्यापुढे धरलं. घड्याळ उलटं होतं. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"छान चालतंय ना?" तिने विचारलं.

"छान चालतंय," मी म्हणालो.

तिचे दोन्ही डोळे बंद होते. ती हसत माझ्याकडे तोंड करून बसली होती आणि मी भिंतीवरच्या टिकटिकीवर मोजत होतो. चाळीसपर्यंत मोजलं. पापणी उघडली नाही.